सोनाराचं काम, काडीपेटीची काडी

कान साफ ठेवावेत, नाहीतर बहिरेपण येतं, हे वाक्य बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कुणाला खोटं वाटत नाही. कळंबच्या चौकात मोटरसायकलवर बसून कुणी किल्लीचं टोक कानात फिरवत असेल तर त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. ओसरीवरची आजी केसातला आकडा काढून नातवाचा कान कोरते, शाळेतलं पोर पेनाच्या टोपणाची दांडी घालतं, शेतावरचा माणूस काडीपेटीतली काडी उलटी धरतो आणि आपण चार पावलं पुढं आहोत असं ज्याला वाटतं तो मेडिकलमधून बडचं पाकीट आणतो. साधनं निरनिराळी, समजूत एकच: कानात घाण साचते आणि ती आपणच उपसायची असते. या समजुतीला माझा विरोध आहे, आणि तो बड चांगला की आकडा वाईट अशा तपशिलाचा नाही. निरोगी कानाला आतून साफ करावं लागत नाही. जो कान खरोखर बिघडलेला असतो त्याच्या दुखण्यापर्यंत काडी पोचत नाही. आणि या गैरसमजापायी आपण धडधाकट कान कोरत बसतो नि वाहत्या कानाकडे कानाडोळा करतो.

गफलत शब्दापासूनच सुरू होते. अंगावरचा तो मळ, नखातला तो मळ आणि कानातलाही मळच. शरीर मुद्दाम तयार करत असलेल्या पदार्थाला भाषेनं धुळीच्या रांगेत बसवलं आणि मग तो धुऊन टाकणं ओघानंच आलं. त्याला मेण म्हटलं असतं तर कदाचित निम्मे कान वाचले असते. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात बारीक केस आणि ग्रंथी असतात, आणि हे मेण फक्त तिथंच तयार होतं. आतल्या, हाडाला चिकटलेल्या पातळ कातडीत ते होतच नाही. मेण स्निग्ध असतं म्हणून पाणी कातडीत मुरत नाही. किंचित आम्ल असतं म्हणून जिवाणू आणि बुरशी यांना मूळ धरणं जड जातं. चिकट असतं म्हणून पाचटाची धूळ आणि चिलटं दारातच अडकतात. हे झालं राखणीचं काम. सफाईची सोय त्याहून नवलाची आहे. इतर अंगावरची कातडी जागच्या जागी झडते. कानातली कातडी मात्र पडद्याच्या मध्यापासून कडेला आणि तिथून नळीतून बाहेर अशी सरकत येते, दिवसाला सुमारे 0.1 मिलिमीटर, म्हणजे नख वाढतं साधारण त्याच वेगानं. जेवताना-बोलताना जबडा हलतो, त्यासरशी नळीचा बाहेरचा भागही हलतो, आणि जुनं मेण सुटून, सुकून, नकळत गळून पडतं. ज्या मुलखात दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, तिथं हे समजायला अवघड जाऊ नये. गव्हाणीतला ऊस पट्टाच पुढं नेतो. त्याला हातानं ढकलायला माणूस लागत नाही, आणि उलट्या दिशेनं काठी घालणारा तर नकोच नको.

काडी घालणारा नेमकं तेच करतो. बाहेर यायला निघालेलं मेण तो जिथं ग्रंथी नाहीत, केस नाहीत आणि हालचालही फारशी नाही अशा आतल्या भागात रेटतो. काडीच्या टोकाला पिवळा ठिपका आला की त्याला समाधान वाटतं. दुप्पट ऐवज आत जाऊन बसला तो त्याला दिसत नाही. काही महिन्यांनी तिथं दट्ट्या तयार होतो, कान बंद वाटतो, आणि मग म्हणायचं, बघा, कोरला नाही म्हणून साचला! रोग आणि औषध एकाच पाकिटातून विकण्याचा याहून चोख धंदा क्वचित सापडेल. तो धंदा फार जुनाही नाही. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून विकण्याची कल्पना अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग यानं 1923 मध्ये बाजारात आणली, आणि ती तान्ह्या बाळांच्या निगेसाठी होती. आज बहुतेक नामवंत कंपन्या त्याच पाकिटावर बारीक अक्षरात छापतात की ही काडी कानाच्या नळीत घालू नये. घेणारा ती कशासाठी घेतो हे कंपनीलाही ठाऊक असतं आणि दुकानदारालाही. त्याच अमेरिकेत 1990 ते 2010 या काळात अशा कापूसकाड्यांनी कानाला इजा झालेली 2 लाख 63 हजारांच्या आसपास मुलं तातडीच्या विभागांत आली, म्हणजे दिवसाला सरासरी 34, असा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा काडी कान साफ करण्यासाठीच घातलेली होती. हे मऊ कापसाचं झालं. आकड्याला आणि किल्लीला कापूसही नसतो. पडदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड. मागून कुणाचा धक्का लागला, मांडीवरच्या पोरानं मान फिरवली, की पुढचं सांगायला नको. आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या दांडीच्या बडवर देशभर बंदी आली खरी, पण ती कचऱ्यापायी. दांडी कागदाची नि बांबूची झाली आणि कान होता तिथंच राहिला.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. कान जर स्वतःच साफ होत असेल, तर मळानं कान बंद झालेले लोक दवाखान्यात येतात ते कुठून? येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेनं याविषयी 2008 मध्ये मार्गदर्शिका काढली आणि 2017 मध्ये ती सुधारली. तिच्यातल्या अंदाजाप्रमाणे दर दहा मुलांत एक आणि दर वीस प्रौढांत एक जण असा सापडतो, म्हाताऱ्या माणसांत प्रमाण पुष्कळ वाढतं. वयाबरोबर मेण कोरडं होतं, कुणाची नळी मुळात अरुंद असते, कुणी श्रवणयंत्र लावतो, कुणी दिवसभर इअरफोनचं बोंडूक कोंबून ठेवतो. पण यातून निघतं काय? विसांतल्या एकाला मदत लागते म्हणून उरलेल्या एकोणीस जणांनी कोरत बसावं, असं नाही निघत. आणि त्या एकालाही काडी लागत नाही. थेंब घालून मेण मऊ करणं, अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यानं धुणं, किंवा उजेडात पाहत यंत्रानं ओढून घेणं, असे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींच्या आधी कुणीतरी कानात डोकावून पडदा शाबूत आहे का हे पाहावं लागतं. पडद्याला भोक असेल तर पाणी आत जाऊन नवं दुखणं उभं राहतं; मधुमेहाच्या वयस्कर रुग्णाला नळीतली साधी इजा कवटीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या जंतुसंसर्गाचं निमित्त होऊ शकते. पाणी थंड किंवा गरम असेल तर माणूस गरगरतो. याच निरीक्षणाच्या मागावर जाऊन रॉबर्ट बाराणी यानं कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा उलगडा केला आणि 1914 चं नोबेल पारितोषिक मिळवलं. म्हणजे कान धुणं हेही घरगुती काम नाही. सोनारानंच कान टोचावेत असं आपणच म्हणत आलो. पाळीला भोक पाडायला जाणकार लागतो, आणि पडद्यापासून दोन बोटांवर सळई फिरवायला कुणीही चालतो, हा हिशेब कुठला?

जुन्याचा दाखला देणाऱ्यांनी जुनं नीट पाहावं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत, त्यात साचून घट्ट झालेल्या मेणाला कर्णगूथ असं स्वतंत्र नाव आहे. त्यावर सांगितलेला क्रम असा: आधी तेलानं भिजवावं, शेक देऊन विरघळवावं आणि मग वैद्यानं शलाकेनं काढावं. आजच्या दवाखान्यातला क्रम याहून फारसा वेगळा नाही. तिथं मेण साचणं हा रोग मानला आहे, रोजच्या अंघोळीचा भाग नाही, आणि शलाका वैद्याच्या हातात आहे. परंपरेचं नाव घेऊन आकडा चालवणाऱ्यानं परंपरेतला वैद्य गाळला आणि सळई तेवढी ठेवली.

तेलाचं प्रकरण काडीइतकं सरळ नाही, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. आमच्या आज्या-पणज्या बाळाची टाळू भरताना कानातही दोन थेंब सोडत, कुणी बहिरं झालं नाही, असं हटकून ऐकायला मिळतं. पडदा शाबूत असेल तर कोमट तेलाच्या दोन थेंबांनी आभाळ कोसळत नाही हे खरं; तेलानं मेण मऊही होतं. पण पडदा शाबूत आहे हे आजीला कसं कळणार? बाळ सांगू शकत नाही. कान दुखला म्हणून घातलेलं तेल तर बहुतेक वेळा चुकीच्या दारात पडतं, कारण दुखणं पडद्याच्या पलीकडे असतं, किंवा दाढेचं असतं नि कानात जाणवतं. लसूण घालून कडकडीत तापवलेलं तेल वाटीत निवतं तितक्या लवकर आत निवत नाही आणि कातडी भाजते. शिवाय तेलकट ओलावा आणि आपल्याकडची दमट हवा एकत्र आली की बुरशीला आवतण मिळतं; काळ्या ठिपक्यांची, ओल्या कागदासारखी दिसणारी कानातली बुरशी पावसाळ्यात वाढते ती उगाच नाही. ज्यांना आजवर काही झालं नाही ते सांगायला पुढं येतात; ज्यांचा कान वर्षानुवर्षं वाहिला त्यांच्या घरात त्या वाहण्याचा संबंध तेलाशी कुणी जोडतच नाही. अनुभवाचा दाखला असा एका बाजूनं लंगडा असतो. तरी एक जागा तेलाची आहे, आणि ती या भागात ठाऊक असायला हवी. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबं फडाशेजारी कोप्यांत, जमिनीवर झोपतात. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीबरोबर सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाणारे वारकरी मिळेल तिथं पथारी टाकतात. रात्री किडा कानात शिरतो, आत वळवळतो आणि माणूस कासावीस होतो. कान पूर्वी कधी वाहिलेला नसेल तर कोमट तेल किंवा पाणी सोडून किडा मरू द्यावा आणि मग दवाखान्यात जाऊन तो काढून घ्यावा. जिवंत किड्यामागं काडी घातली तर तो पुढंच पळतो. पोरानं कानात हरभरा किंवा तूर घातली असेल तर मात्र पाणी अजिबात नको, दाणा फुगून घट्ट बसतो. आणि खेळण्यातली बटणासारखी बॅटरी असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. ती काही तासांत कातडी जाळते.

आता मूळ दुखण्याकडे. आपल्याकडे कान फुटला म्हणतात, म्हणजे कानातून पू येऊ लागला. घाण साचून कान फुटतो अशी समजूत आहे, आणि माझ्या मते सफाईच्या वेडातला सगळ्यात महागात पडणारा भाग हाच. कान बहुतेक वेळा आतून फुटतो. नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली, टॉन्सिल सुजले, बाळाला आडवं ठेवून बाटलीनं दूध पाजलं, चुलीच्या धुरात ते दिवस दिवस राहिलं, की जंतू या मागच्या दारानं आत जातात, पू भरतो, दाब वाढतो आणि पडदा फाटून तो बाहेर येतो. बाहेरचा कान आरशासारखा चकचकीत ठेवला तरी या मागच्या दाराला कडी लागत नाही. वेळेवर औषध झालं तर भोक बहुधा भरून येतं. दुर्लक्ष केलं तर कान दर पावसाळ्यात, दर सर्दीत वाहत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात हे जुनाट कान वाहणं 4 टक्क्यांहून जास्त लोकांत असलेल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात भारत होता. घाण वास येणारा, थोडा-थोडा पण न थांबणारा स्राव हा कोलेस्टिॲटोमाचा असू शकतो; कातडीची ती गाठ आतली बारीक हाडं कुरतडत जाते आणि क्वचित मेंदूपर्यंत पू पोचवते. अशा कानात आपण काय करतो? कापसाचा बोळा घालून ठेवतो, वास येऊ नये म्हणून अत्तराचा फाया लावतो, आणि मोठेपणी आपोआप थांबेल म्हणून सोडून देतो. वर्गात शेवटच्या बाकावरचं जे पोर हाक मारल्यावर बघत नाही, त्याच्यावर लक्ष नसल्याचा ठपका बसतो. त्याच संघटनेच्या 2021 च्या श्रवणविषयक जागतिक अहवालात बालपणीच्या श्रवणदोषांपैकी 60 टक्के टाळता येण्याजोगे आहेत असं म्हटलं होतं. ते टाळले जातात ते सर्दीवर, लसीकरणावर आणि वाहत्या कानावर वेळेत लक्ष दिल्यानं. यात काडीचं काम कुठंच येत नाही.

कानाला खाज येते त्याचं काय, हा प्रश्न विचारणारा खोटं बोलत नसतो. कोरताना सुख वाटतं हेही खरं, आणि त्यामागं कारण आहे: मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची लहान फांदी कानाच्या नळीत येते. त्यामुळेच कान कोरताना कुणाला ढास लागते, कुणाचे डोळे मिटतात. पण खाज ही मळाची खूण नाही. कोरून मेण निघून गेलं की कातडी कोरडी पडते आणि तीच खाजते. आपण पुन्हा कोरतो, बारीक ओरखडे पडतात, त्यात जंतू शिरतात, आणि गजकर्ण खाजवावा तसं हे चालू राहतं. विहिरीत नि नीरेच्या कालव्यात डुंबणारी पोरं पाणी गेलं म्हणून काडी मागतात. त्यांना मान कलती करून, पाळ ओढून पाणी निथळू द्यायला आणि टॉवेलच्या कोपऱ्यानं बाहेरचा भाग टिपायला शिकवलं तर भागतं. खाज थांबतच नसेल तर तो बुरशीचा किंवा इसबाचा कान असेल, आणि त्याला मलम लागतं.

जत्रेत, बाजारात, वारीच्या वाटेवर कान साफ करून देणाऱ्यांचं पोट यावर आहे, त्यांच्यावर का घसरता, असाही एक सूर असतो. घसरण्याचं कारण नाही. हाताची सफाई त्यांच्याकडे पुष्कळदा घरच्या आकड्यापेक्षा बरी असते. पण एकच सळई, पुसायला एकच फडकं, आणि त्याच दिवशी बऱ्या कानात नि वाहत्या कानात तीच; उजेड सूर्याचा, पडदा दिसत नाही. गिऱ्हाईकाच्या कानातून खडा काढून दाखवण्याची हातचलाखी जुनी आहे आणि ती चालते, कारण गिऱ्हाईक आत दगड असेल असं मानायला तयार होऊनच बसलेलं असतं. रोजगाराची काळजी खरी असेल तर ती दुसऱ्या रोजगाराची सोय करून घ्यावी, पोरांचे कान पुढं करून नाही. हल्ली मोबाइलला जोडायचा कॅमेरावाला कोरणाही घरपोच येतो. पडद्यावर आतलं दिसतं म्हणून घरचा माणूस धीट होतो, आणि पूर्वी भीतीपोटी अर्ध्यावर थांबणारा हात आता शेवटपर्यंत जातो.

शेवटचा आक्षेप दवाखाना लांब असल्याचा. कानात काही न घालण्यासाठी दवाखाना लागत नाही, हे त्याचं अर्धं उत्तर. बहुतेक लोकांचं काम तिथंच संपतं. उरलेल्यांसाठी 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकानं कान पाहायचे असतात. पथक आलं की पोराचा वाहणारा कान लपवायच्या ऐवजी पुढं करायचा, एवढं आईबापांनी करावं. बारामतीला 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कळंबहून तिथं बाजाराला जाणारी माणसं आहेतच. तोवर काय करायचं, तर इथं मला माझ्याच म्हणण्याला एक अपवाद जोडावा लागतो. वाहणाऱ्या कानासाठी जागतिक आरोग्य संघटनाच आईला एक गोष्ट कानात घालायला शिकवते: स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची घट्ट वळलेली वात. ती पोराच्या कानात अलगद ठेवायची, भिजली की काढायची, नवी घालायची, कोरडी बाहेर येईपर्यंत, दिवसातून तीनदा. तिला काडी नसते. वाती वळायला कळंबच्या कुठल्याही आजीला शिकवावं लागणार नाही. फक्त वळताना आत काडीचा आधार द्यायचा नाही आणि कान कोरडा झाला तरी तपासणी टाळायची नाही, हे तिला कुणीतरी सांगावं लागेल.